चंद्रावर कबुतरं नसतात

आमचं मासिक अवकाशविज्ञानाचं आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे रॉकेटं का?" मी आता त्यावर चिडत नाही. म्हणजे चिडते, पण तोंडावर दिसू देत नाही. रॉकेटं असतात हो. पण अंतराळवीरांची हाडं ठिसूळ का होतात ते सांगणारे डॉक्टर असतात, दगडांवर आयुष्य काढलेले लोक असतात, चंद्र कुणाच्या मालकीचा यावर भांडणारे वकील असतात, आणि एकदा मेथी होती.

मासिक कागदावर निघत नाही, इंटरनेटवरच निघतं, आणि सगळ्यांना खुलं असतं. वाचणाऱ्यानेही पैसे द्यायचे नाहीत आणि लिहिणाऱ्यानेही नाहीत. हडपसरला झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दोन टेबलांची एक खोली आहे, तेच ऑफिस. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर पसारा. आलेला पेपर जाणकाराकडे तपासायला पाठवायचा आणि त्याचा अभिप्राय लेखकाला कळवायचा, हे माझं काम. बाकी ठिकाणी हा अभिप्राय गुपचूप राहतो. आमच्याकडे तो तपासणाऱ्याच्या नावानिशी पेपरच्या खालीच लागतो, कायमचा. शिवाय पेपर इंग्रजीत असला तरी लेखक आणि तपासणारा, दोघांनीही आपलं म्हणणं शेवटी सोप्या मराठीत लिहायचं हा आमचा दंडक. या क्षेत्रात शेजारच्या टेबलावरच्याचा विषय कुणाला कळत नाही, म्हणून तो आहे. इंग्रजीत पानंच्या पानं लिहिणारे मोठमोठे लोक त्या मराठी परिच्छेदाशी आले की रडकुंडीला येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेथीवाली मुलगी वर्ध्याकडची. पुण्यात पीएचडी करत होती, चंद्रावरच्या मातीत भाजी उगवेल का यावर. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखाच काळा कातळ, म्हणून तिने खडी क्रशरवरून कातळाचा चुरा आणला, ट्रेमध्ये भरला आणि त्यात मेथी पेरली. खत नाही, माती नाही, नुसतं पाणी. मेथी तरारून आली. तिने फोटो काढले, मोजमापं घेतली आणि पेपर आमच्याकडे पाठवला.

आमच्याकडेच का, तेही तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. तिचे वडील गावाकडे शाळेत विज्ञान शिकवतात. तिचा पहिला पेपर एका नावाजलेल्या मासिकात आला होता. बाबांनी मोबाइलवर उघडला, तर वरचा सारांश दिसला आणि पुढे पैसे भरा अशी पाटी. लेकीचं लिखाण बापाला वाचायला मिळेना! त्यांनी तेवढा सारांश छापून घेतला आणि शाळेच्या बोर्डावर लावला. "हा पेपर बाबांना अख्खा वाचायला द्यायचाय मॅडम," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

पेपर मी येरवड्याला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे पाठवला. भूशास्त्राचा गाढा अभ्यासक, जिभेला मात्र हाड नाही. त्यांनी इंग्रजीत दोन पानं व्यवस्थित लिहिलं होतं: फोटोत ट्रे उघड्या गच्चीवर दिसतात, कठड्यावर पक्षी दिसतात, चुरा धुतल्याचा कुठे उल्लेख नाही, तेव्हा झाडांना पोषण नक्की कशातून मिळालं? आणि खाली मराठीत एकच ओळ. "चंद्रावर कबुतरं नसतात."

मी खोलीत एकटी होते, खो खो हसले. मग फोटो पुन्हा पाहिला आणि हसू पळालं. पुण्यात गच्चीवर काहीही उघडं ठेवा, कबुतरं त्याची काय दशा करतात ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तिच्या मेथीला रोज फुकटचं खत मिळत होतं.

अभिप्राय मी तिला पाठवला. मुलगी दुसऱ्या दिवशी आली ती रडतच. चूक तिला कळली होती. रडणं त्याचं नव्हतं. "हे खाली राहणार मॅडम? बाबा वाचतील! इतकी वर्षं पुण्यात काय केलं म्हणतील. गाव हसेल." मग म्हणाली, हे एक वाक्य तेवढं काढा. नाहीतर मी पेपर काढून घेते. एक मासिक आहे, पैसे भरले की आठवड्यात छापतात, विचारत कोणी नाही.

माझं डोकंच फिरलं. "मग घाल तिकडे! आणि बाबांना सांग, चंद्रावर मेथी उगवते म्हणून. ते वर्गात शिकवतील तेच." बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. पोरीचा जीव बाबांत अडकला होता, पीएचडीत नाही.

संध्याकाळी मी येरवड्याला गेले. प्राध्यापकांना म्हटलं, "ती ओळ जरा मवाळ कराल का?"

"त्यात चूक काय आहे?"

"चूक काही नाही. पण मुलगी रडतेय."

"रडू दे. फक्त ट्रे झाकून रडायला सांगा." मग त्यांनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत एका कागदावर खरडून दिलं: चुरा धुवायचा, भट्टीत तापवायचा, काचेच्या बंद पेटीत पेरायचं. "हे माझ्या ओळीच्या खाली घाला. ओळ निघणार नाही. आणि माझं नावही आहेच की तिथे. मी चुकलो तर लोक मलाही हसतीलच."

तिने पेपर काढून घेतला नाही. का, ते मी विचारलं नाही. तिने चुरा धुतला, तापवला, पेटीत भरला. मेथी उगवली, दोन पानं आली, पिवळी पडली, मेली. पुन्हा पेरली, पुन्हा मेली. तिचे मार्गदर्शक वैतागले, फसलेलं कोणी छापतं का म्हणाले. आम्ही छापतो. न उगवलेलं कळलं नाही तर पुढचा माणूस तेच पेरत बसणार. तिने सगळा पेपर नव्याने लिहिला, गच्ची, कबुतरं आणि पेटी यांच्यासकट. प्राध्यापकांचा दुसरा अभिप्राय आला, "आता मेली. छापायला हरकत नाही." त्यांच्या परीने ही शाबासकीच.

पेपर लागला त्या दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. मोबाइलवर लिंक तयार, समोर बाबांचं नाव, आणि बोट काही पुढे सरकेना. "साइट बंद आहे म्हणून सांगू का?" म्हणाली. मी म्हटलं, "साइट माझी आहे. बंद म्हटलंस तर बघ." तिने डोळे मिटले आणि पाठवलं.

दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती माझ्या ऑफिसात येऊन बसली, घरी करमेना म्हणाली. मीही कामात चुका करत होते. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या सुमारास फोन वाजला. तिने घाबरून तो स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवला. मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"बेटा, रात्री सगळा वाचला. मराठी दोनदा वाचलं," वडील म्हणाले. "अन् आज दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, चंद्रावर कबुतरं नसतात."

तिने तोंडावर हात धरला.

"पोट्टे हसले. म्हटलं, हसा. मंग सांगा, मेथी काहून उगवली? तर पूर्ण तास तेच चाललं. कोणी म्हणे खत, कोणी म्हणे धूळ. शेवटी पेटीपर्यंत आले बरोबर. तू केलं तेच त्यांनी सांगितलं." मग म्हणाले, "तुझा मागचा पेपर बोर्डावर होता नं, त्याचं मले काहीच समजलं नव्हतं बेटा. तुले वाईट वाटंल म्हणून बोललो नाही. काढला आज तो. हा लावला, खालचं सगळं धरून."

मीच फोनजवळ वाकून म्हटलं, "ऐकतेय ती. रडतेय जरा."

"रडू द्या मॅडम," ते म्हणाले. "मी बी इकडे पोट्ट्यांकडे पाठ करूनच उभा आहे."