कुंकू लागलेली सीडी

सारोळ्याला रस्त्याच्या कडेला भोंगवलीच्या टेम्पोची वाट बघत उभी होते. माहेरी आईला ताप होता म्हणून निघाले होते. मोबाईल वाजला, तर युसुफभाई. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. "सुमनताई, आपा गेली..." एवढंच म्हणाले. नवरा असूनही ते तिला आपाच म्हणत. अख्खं भोर तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायचं, त्यात ते एकटे वेगळं काय म्हणणार? मी टेम्पोचा नाद सोडला, कापूरहोळकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला आणि तिथून भोर गाठलं. घरात बायकांच्या घोळक्यात तिच्यापाशी थोडा वेळ बसायला मिळालं. मग माणसं तिला घेऊन गेली. मूत्रपिंडाचं दुखणं जुनं होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शमीमआपासारखी बाई आजाराला भीक घालणार नाही, अशी माझी आपली एक वेडी समजूत होती.

आमची ओळख नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली. बारावीनंतर घरात बसून स्थळांची वाट बघायची माझी तयारी नव्हती, म्हणून भांडून भोरला कॉम्प्युटरचा क्लास लावला. एसटी स्टँडपासून थोडं आत, युसुफभाईंच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर एक खोली होती. खाली तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास, वर आपा. पुण्याला कोर्स करून आली होती आणि तालुक्याच्या गावात क्लास चालवते म्हणून तिच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तिने क्लास चालूच ठेवला. चपला जिन्यात काढायच्या, पाय धुऊन वर यायचं, आणि मशीनला हात लावण्याआधी कपाळाचा घाम पुसायचा, असे तिचे नियम. मुलगा असो की मुलगी, सरपंचाचा असो की हमालाचा, तिच्यापुढे सगळे ओले पाय घेऊन उभे.

मला धीर नावाचा प्रकार देवाने दिलेलाच नाही. स्क्रीनवर काही अडलं की मी दिसेल ते बटण दाबत सुटायची. आपा मागून यायची, माझे दोन्ही हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "हात मांडीवर, तोंड चालू. काय केलंस ते पहिल्यापासून सांग." पहिल्यापासून म्हणजे अगदी पहिल्यापासून. वीज कधी गेली, आल्यावर तू काय दाबलंस, तुझ्याआधी मशीनवर कोण बसलं होतं... सगळं ऐकून होईपर्यंत ती स्वतःही हात मागे बांधून उभी असायची. मला तेव्हा वाटायचं, ही बाई उगाच वेळ काढते. पण ती ज्या मशीनजवळ गेली ते सुरू झालं नाही, असं मी फार कमी वेळा पाहिलं. "मशीन खोटं बोलत न्हाई गं," ती म्हणायची, "पण बिचाऱ्याला पुढचं-मागचं सांगता येत न्हाई. ते माणसाकडनंच काढायला लागतं."

लग्न होऊन मी विंझरला आले. सासरे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, गाव त्यांना गुरुजी म्हणे आणि घरातही तेच चाले. सासूबाई म्हणजे माई. नणंद सुनंदा नर्स होऊन मस्कतला गेली, ती गुरुजींच्या मनाविरुद्ध. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा फोन आला की उठून गोठ्यात जायचे. सुनंदाही बापाचीच लेक. तिने पहिल्याच रजेत पुण्याहून कॉम्प्युटर आणून ओसरीत बसवला आणि म्हणाली, "बोलू नका, लिहा तरी." ...आणि गुरुजींनी लिहिलं! म्हणजे ते माझ्या मागे उभे राहून सांगायचे आणि मी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत ठोकून ई-मेल पाठवायची. "चिरंजीव सुनंदा हिस अनेक आशीर्वाद" इथपासून सुरुवात. म्हशीचं दूध, भाताची लावणी, माईचा गुडघा, सगळं त्यात यायचं. वर्ष-दीड वर्षात त्या पत्रांमधून बापलेक पुन्हा एकमेकांची झाली. समोरासमोर ती दोघं कधी इतकं बोलली नव्हती.

गुरुजी गेल्यावर ती पत्रं माईंची झाली. त्यांना वाचता येत नाही. रविवारी दुपारी भांडी आवरली की त्या ओसरीत येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव त्यांचं एखादं." मी वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. गुरुजींच्या वर्षश्राद्धाला माझा पुण्याचा चुलत दीर आला, त्याने मशीन साफ करताना त्या सगळ्या पत्रांची एक सीडी केली, तिच्यावरूनच ती परत मशीनमध्ये भरली आणि सीडी माईंच्या हातात दिली. "यात गुरुजींची सगळी पत्रं आहेत, जपा," म्हणाला. माईंनी जपली. देवघरात, फोटोशेजारी. आणि दसऱ्याला घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर, कॉम्प्युटरबरोबर त्या सीडीचीही पूजा केली. चकाकती बाजू तीच दर्शनी असणार, असं समजून हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं तिच्यावर उमटवली.

दिवाळीत तोच दीर पुन्हा आला. पोरगा मनाने चांगला, फक्त हात शिवशिवणारा. मेलचा जुना प्रोग्राम मंद चालतो म्हणून त्याने नवा टाकला. तो उघडायला गेलं की त्याचं चित्र क्षणभर झळकायचं आणि गायब व्हायचं. त्याने पुन्हा टाकला, पुन्हा काढला, शेवटी "सीडी आहेच ना" म्हणत जुनं सगळं साफ केलं. आमच्याकडे फोन लावून मेल एकदा पाठवली किंवा उतरवून घेतली की ती कंपनीकडे राहत नसे, फक्त आमच्या मशीनमध्ये; सुनंदाकडचीही जागा भरली की जुनी पत्रं पुसली जात. म्हणजे आता उरली ती सीडी. ती घातली तर नुसतीच घरघरली. काढून बघतो तर कुंकू वाळून घट्ट झालेलं. तो बिचारा पांढराफटक पडला. बोलण्याच्या भरात बोलून गेला, "काकू, कुंकवानं गेलं हो सगळं."

माई उठल्या. चुलीपाशी जाऊन बसल्या. मी मागून गेले तर म्हणाल्या, "माझ्याच हातच्या कुंकवानं त्यांची अक्षरं पुसली व्हय गं?" ज्या बाईचं कुंकू वर्षापूर्वी पुसलं, तिने हे विचारावं! त्या दिवसापासून त्यांनी देवपूजा सोडली. दिवा मी लावायची. रविवारी दुपारी त्या शेताकडे निघून जायच्या, ओसरीत पाऊल टाकत नसत.

आमच्या ह्यांनी मशीन गोधडीत गुंडाळून दुधाच्या टेम्पोत चढवलं आणि सीडी मी पदराखाली धरली. भोरला जिन्यात पाय धुऊन वर गेले. आपाने बघितलं, मशीनला शिवली नाही, खुर्ची ओढून दिली. "हात मांडीवर." मी रडत, चिडत, दिराला शिव्या घालत सगळं सांगितलं. मस्कतपासून चुलीपर्यंत. आपाने सीडी उजेडात धरून कुंकू पाहिलं. मग विचारलं, "पुसू ना? माईंनी देवापुढं लावलंय. तू नमस्कार करून घे आधी." मी केला. तिने स्वतः आधी हात धुतले, परातीत कोमट पाणी घेतलं, साबणाचा फेस केला, आणि बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तशी मधून कडेकडे बोटं फिरवत सीडी धुतली. ते लाल पाणी तिने मोरीत ओतलं नाही. खिडकीतल्या, तुळशीच्याच जातीच्या सब्जाच्या कुंडीत ओतलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

सीडी वाचली गेली. फायली मशीनमध्ये आल्या, मी टाळी वाजवली, आणि मेलचा प्रोग्राम पुन्हा झळकून गायब! मी ओरडलेच. आपा मात्र हसली. "सीडीवर लिहिता येतं का गं काही? न्हाई. तिथनं आलेली फाइल म्हणते, मला फक्त वाचा, हात लावू नका. आणि नव्या प्रोग्रामला उघडता उघडता तिच्यात लिहायचं असतं. तिनं लिहू दिलं न्हाई की हा दार आपटून जातो." मग एकेका फायलीवर जाऊन तिने 'रीड ओन्ली'पुढची टिक काढली. प्रोग्राम उघडला. थोडा वेळ स्वतःशीच काहीतरी करत बसला आणि समोर पत्रांची रांग आली. चिरंजीव सुनंदा हिस... मी आपाच्या गळ्यात पडले.

मशीन घेऊन मी निघाले तर आपा बुरखा चढवून तयार. "मी येते. तू सांगितलेलं त्यांना पटायचं न्हाई, सून समजूत घालतीय म्हणतील." दुकान युसुफभाईंवर टाकून ती टेम्पोत माझ्याशेजारी बसून विंझरला आली. मशीन जोडलं आणि माईंपुढे उकिडवी बसली. "माई, कुंकू वर होतं, अक्षरं आत. एकाला दुसरं लागलं बी न्हाई. उलट तुमचं कुंकू होतं म्हणून दुसऱ्या कुणी त्या सीडीला हात लावला न्हाई. बाकी सगळं पुसलं, तेवढी राहिली." माईंनी तिच्याकडे बघितलं. "खरं बोलतीस?" "तुमच्या देवघरासमोर बसलीय मी," आपा म्हणाली. मी पत्र वाचलं. माई ऐकत होत्या आणि आपाचा हात त्यांच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर देवापुढे दिवा लागलेला होता.

आपा गेल्याचं मी माईंना सांगितलं. परवाच्या रविवारी ओसरीत आल्या. मी गुरुजींचं पत्र लावायला घेतलं, तर म्हणाल्या, "आपाचं हाय का गं त्यात काही?" मी शोधलं. एकच होतं. विंझरहून परत गेल्यावर, आमच्याकडे नवी मेल नीट येते का हे तपासायला तिने पाठवलेलं. तेव्हा ते आल्याचं मी तिला फोनवर सांगितलं होतं आणि विषय तिथेच संपला होता. मी वाचलं, "माई, हे उघडलं म्हणजे सगळं नीट झालं. आता रोज दिवा लावा आणि रविवारी ऐका. पोचलं की लिहा. तुमची शमीम."

माईंनी डोळे पुसले. "आपुन लिवलं होतं का तिला?"

"फोन केला होता, माई. लिहिलं नव्हतं."

"मग लिव्ह की. लिहा म्हणालीय ती."

मी हात मांडीवरून उचलले आणि लिहिलं, "चिरंजीव शमीम हिस अनेक आशीर्वाद. पोचलं." खाली माईंचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.