धाकट्याची काच चांगली होती

त्या दिवशी धाकटा चारलाच घरी आला. एरवी सातशिवाय तोंड दिसायचं नाही. बूट न काढताच खुर्चीत बसला. म्हणाला, "ताई, काच नापास झाली."

माझा भाऊ बावन्न वर्षांचा, पण मला धाकटाच. लग्न केलं नाही, माझ्याकडेच राहायचा. एका संशोधन संस्थेत काचा घासायचं काम, तीस वर्षं. गल्लीत त्याला भिंगबुवा म्हणायचे. शिक्षण माझ्यासारखंच, जेमतेम. पण हात असा की शिकलेली माणसं त्याच्या टेबलापाशी येऊन बघत उभी राहायची.

ही काच दोन वर्षं चालली होती, संस्थेतल्या एका मॅडमच्या प्रयोगासाठी. मला समजावून सांगायचा. कॅमेऱ्यात लेसर शिरला की सगळा जोर एका ठिपक्यावर. तो ठिपका जळतो आणि फोटो नुसता पांढराफटक. याच्या काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या पायऱ्या कोरलेल्या. त्यांनी लेसर पसरतो, जोर मोडतो. पण बाकीचं चित्रही पसरतं ना. ते मग कॉम्प्युटर परत गोळा करतो.

मी चिडवायचे, "म्हणजे आधी घाण करायची आणि मग पुसत बसायचं?"

"तुला नाही कळायचं, ताईसाहेब. कॅमेरा वाचतो!" आणि हसायचा.

त्या दिवशीही मी तेच बोलले. "बरं झालं, सुटलास. धूसर फोटोसाठी कोण एवढं मरतं?"

हसला नाही. म्हणाला, "कॅमेरा वाचला गं. पण चित्र जुळलंच नाही, नुसती भुतं. मॅडम एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं."

मी चहा टाकायला गेले. कप घेऊन आले तर मान कललेली. मला वाटलं डुलकी लागली. म्हटलं, "अरे, बूट तरी काढ."

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आठ दिवसांनी ती मॅडम आली. पोरगीच आहे, तिशीची. याला काका म्हणायची. दारातच रडायला लागली.

"प्रत्येक काच उजेड वेगळा पसरवते, म्हणून प्रत्येकीची फाइल वेगळी असते. मी कॉम्प्युटरला जुन्या काचेची फाइल दिली होती. काल लक्षात आलं. काकांची काच चांगली होती. चूक माझी."

मनात फार आलं. तोंडातून एवढंच निघालं, "आठ दिवस लागले तुला?"

तिने मोबाइल पुढे केला. त्याच दिवसाचा फोटो, आता बरोबर फाइल लावून साफ केलेला. लेसर समोरून पेटलेला, पण इवलासा, दिव्याएवढा. त्याच्या शेजारी आकड्यांचा तक्ता हातात धरून आमचा धाकटा उभा. स्टँडचा स्क्रू ढिला होता म्हणे, म्हणून हाच उभा राहिला. डोळ्यांवर लेसरसाठीचा जाड हिरवा चष्मा. शर्टाचं वरचं बटण उघडं, तेही दिसतंय. दात काढून हसतोय. अजून त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "हा मला पाठव."

तिने नंबर विचारला. मला एकच नंबर पाठ आहे, तो सांगितला. आतल्या खोलीत कपाटावर चार्जिंगला लावलेला त्याचा फोन वाजला.