अक्कानं शिवलेले विदूषक

चिक्कपेटेत आमचं शिंप्याचं दुकान होतं. घराणं मराठी, पण कैक पिढ्या बेंगळुरातच गेलेल्या. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि थोरल्या बहिणीला अक्का. अक्काचं लग्न जमत नव्हतं. दुकानामागच्या खोलीत ती दिवसभर मशीनवर बसायची, आणि खरं सांगायचं तर अण्णांपेक्षा तिचा हात चांगला होता.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मॅजेस्टिकजवळच्या मैदानात सर्कस उतरली आणि तिच्यातला एक वयस्क विदूषक फाटक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दुकानात आला. त्यांच्या कपड्यांच्या पेटीला वाळवी लागली होती. माणूस मिरजेकडचा. आमचं मराठी ऐकून त्याला हायसं वाटलं.

"मास्तर, खेळ सुरू व्हायच्या आत आम्हा तिघा विदूषकांचे कपडे हवेत."

"असलं सोंगांचं काम आम्ही करत नाही," अण्णा म्हणाले.

पडद्याआडून अक्का म्हणाली, "मी करते."

मग तो रोज येऊन बाकावर बसायचा आणि तिला समजावून सांगायचा. त्याचा स्वतःचा पोशाख पांढऱ्या साटीनचा, गळ्याला चुण्यांची झालर, छातीवर टिकल्या. "मी शहाणा. मी पडत नाही, दुसऱ्याला पाडतो. माझ्या कपड्याला सुरकुती चालायची नाही." जो पडायचा त्याला लाल-पिवळ्या मोठ्या चौकड्या, आणि विजारीच्या कमरेत बांबूचं कडं, म्हणजे चालताना विजार घंटेसारखी हलायची. पडताना टरकू नये म्हणून त्याच्या काखेत नि मांड्यांत अक्कानं न सांगता जादा कापड सोडलं. तिसरा होता भणंग. त्याच्या काळ्या कोटाला तिनं सुरेख ठिगळं लावली, तर म्हातारा हसला.

"ताई, हा बिचारा स्वतःच्या हातानं शिवतोय. त्याला इतकं सुबक कुठलं जमायला?"

अक्कानं सगळी ठिगळं उसवली आणि डाव्या हातानं पुन्हा शिवली.

पहिल्या खेळाला आम्हा सगळ्यांना फुकट बसवलं होतं. भणंग विदूषक आत येताच अक्का इतक्या मोठ्यानं हसली की आईनं तिचा पदर ओढला. तिला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मुक्काम हलायच्या वेळी म्हातारा मॅनेजरचा निरोप घेऊन आला. सर्कशीला कायमची शिवणारी बाई हवी होती. "माझी बायको आहे तंबूत, ताई तिच्यासोबत राहतील. पोटच्या पोरीसारखं सांभाळू."

"सरी, ठीक आहे, विचार करून सांगतो," अण्णा त्याला म्हणाले. आत आल्यावर मात्र आवाज चढला. "हुबळीचं स्थळ येतंय. त्यांना काय सांगू, मुलगी सर्कशीत असते म्हणून?" आई रडायला लागली. अक्कानं उठून सगळ्यांना कॉफी केली.

सर्कस गेली. हुबळीची मंडळी आली, जेवली, आणि महिन्याभरानं त्यांचा नकार आला. मुलगी सर्कशीतल्या पुरुषांचे कपडे शिवते, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यानंतर स्थळं येईनाशीच झाली.

मला कारखान्यात नोकरी लागल्यावर दुसरी एक सर्कस आली, तेव्हा मी अक्काला घेऊन गेलो. विदूषक पुष्कळ होते, पण सगळ्यांना एकाच मापाचे चकचकीत नायलॉनचे झगे, फक्त रंग वेगळे. कोण शहाणा, कोण पडणारा, काही कळत नव्हतं. एकजण आपटला, त्याचा झगा काखेत टरकला, आणि लोक जास्तच हसले. अक्का हसली नाही.

परतताना मी विचारलं, "अक्का, तेव्हा जायचं होतं तुला?"

"होतं की. ट्रंक भरून ठेवली होती." थोडं चालल्यावर म्हणाली, "अण्णा एकदा तरी मला विचारतील असं वाटलं होतं रे."

ती शाळेचे गणवेश शिवत राहिली. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनंच केलं. एका दुपारी ती पेज आणायला आत गेली असताना ते मला हळूच म्हणाले, "पोरीला पाठवायला हवं होतं."

"तिला सांगा की हे, अण्णा."

"आता काय सांगू," म्हणत ते भिंतीकडं वळले. अक्का वाटी घेऊन आली आणि त्यांच्या उशाशी बसली.