गाऱ्हाण्यातली बारीक कुरबुर

भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत गणपती बसला की अख्खं खानदान येऊन धडकतं. आरती झाली की आजोबा मालवणीत गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवापुढे एकेकाची अडचण मोठ्यांदा सांगायची आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" काकाची नोकरी, आतेभावाचं लग्न, सगळं व्यवस्थित सांगायचे. माझी पाळी आली की म्हणायचे, नातीची कायतरी बारीक कुरबुर.

बारीक कुरबुर म्हणे! एचआयव्ही आहे मला, जन्मापासून, आईकडून आलेला. आजोबा सोडून बाकी नातेवाइकांना सांगितलं होतं थायरॉइड. दहावीनंतर त्या खोटं बोलण्याचा असला वीट आला की मी गोळ्याच बंद केल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. आईने अक्षरशः ओढत इस्पितळातल्या समुपदेशक ताईंकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हळूहळू मीही. ताईंनी विचारलं, कुणाला सांगावंसं वाटतं? म्हटलं, सगळ्यांना, एकदमच. कटकट नको.

आजोबांना सांगितलं, या वर्षी खरं नाव घ्यायचं. ते टरकले. काकी ताटावरून उठली तर पुढच्या वर्षी गणपतीला येणार कोण, म्हणाले. आईचंही गुपित फुटणार होतं, पण ती म्हणाली, फुटू दे.

त्या दिवशी गाऱ्हाणं सुरू झालं. नोकरी, लग्न, सगळे रंगात आलेले, काका तर छप्पर उडवत होता. त्याच दमात आजोबा म्हणाले, "माझ्या नातीक आणि सुनेक एचआयव्ही आसा. गोळी घेतत, ठणठणीत आसत. आम्ही सगळे तेंच्या पाठीशी उभे आसंव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आलं की तोंडातून! सवयच ती. मग अर्थ डोक्यात शिरला आणि झांजा तशाच हातात राहिल्या.

मी मोदकांचं ताट उचललं आणि थेट काकीपुढे धरलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाप्पाकडे.

"देवासमोर व्हय म्हणून बसलेय आता," ती पुटपुटली आणि मोदक घेतला. तोंडात टाकला आणि एकदम भडकली. "थायरॉइडला चालत नाही म्हणून तू आलीस की मी कोबी करायचे नाही गं, बये!"

मी हसत सुटले, आणि रडतही होते. पुढच्या रविवारी आम्ही तिच्याकडे मुलुंडला जेवायला गेलो. भाजी कोबीची होती.