करंटवाल्या माशाची सोबत

कापसाची ती वाईट वर्षं होती. सासरे ज्या जिनिंगमध्ये वायरमन होते ती एका हंगामात सुरूच झाली नाही, आणि मालकाने गाव सोडताना ऑफिसातलं सामान माणसांना वाटून टाकलं. कोणाला पंखा मिळाला, कोणाला लोखंडी कपाट. आमच्या वाट्याला मालकाच्या केबिनमधला मासा आला, काचेच्या पेटीसकट. जिनिंग होती त्या लोहाऱ्याहून ऑटोत घालून ती पेटी यवतमाळच्या आमच्या घरी आली तेव्हा मी दारातच थिजले. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं आणि या घरात अजून काय काय बघावं लागणार, असं मला रोजच वाटायचं.

मासा दिसायला सोललेल्या रताळ्यासारखा. वीतभर लांब, राखाडी-गुलाबी, अंगावर काळे ठिपके, जाड ओठ, मिशा, आणि डोळे इतके बारके की शोधावे लागत. पेटीत छपरावरचं एक फुटकं कवेलू, म्हणजे कौल, टाकलेलं होतं, त्याखाली तो दिवसभर पडून असे. मालकाने निरोप पाठवला होता की हा अंगातून करंट सोडतो, पाण्यात हात घालू नका, आणि याच्यासोबत दुसरा मासा ठेवू नका. पहिली गोष्ट सगळ्यांनी मानली. दुसरी माझ्या सासूबाईंना अजिबात पटली नाही. जीव आहे, त्याला सोबत नको? आमच्या घरात पाहुणासुद्धा एकटा जेवत नसे, कोणीतरी समोर बसायचंच.

मग त्यांनी सोबत शोधायला घेतली. मुलगी बघावी तसा तो सगळा प्रकार होता. आधी बाजारातल्या बाईकडून बोटाएवढ्या मासोळ्या आणल्या, गरीब स्वभावाच्या म्हणून. सकाळी एकही नव्हती. लहान होत्या म्हणून खाल्ल्या, असं म्हणून त्यांनी जिवंत मांगूर आणला, याच्याहून मोठा आणि मिशावाला. तो सकाळी पोट वर करून तरंगत होता, अंगावर ओरखडाही नव्हता. मी हबकून बघत राहिले. न चावता मारतो म्हणजे काय? बसस्टँडजवळच्या मासेवाल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, याच्याबरोबर त्याचा सख्खा भाऊही टिकत नाही.

सासूबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आपलं डोकं लावलं. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की सकाळी गेलेली लाईन अंधार पडल्यावर यायची. आणि मासा दिवसा गप्प, जे काय करायचा ते रात्री. मग उघडच होतं की लाईन आली की याच्यात करंट भरतो आणि लाईन गेली की हा थंड. पेटीच्या दिव्याची वायर पाण्याजवळूनच जात होती, त्यामुळे माझ्या नवऱ्यालाही हे पटलं. शेजारणींना पटलं. खरं सांगते, थोडं मलाही पटलं, कारण आमचं आयुष्यच त्या लाईनीच्या मागे पळत होतं. दळण, पाणी, इस्त्री, सगळंच.

सासरे एकदाच म्हणाले, त्याचा करंट त्याच्या अंगातला आहे, बोर्डाचा नाही. पण ते आता घरी बसलेले, आणि घरी बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? शिवाय ते भिंतीकडे बघून बोलत. माझ्याशी तर ते बोलतच नसत. राग नव्हता, रीतच तशी. चहा हवा असला तरी सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग." घरात येताना खाकरायचे, मी डोक्यावर पदर घ्यायचे. त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं ते नवऱ्याला वायरिंग शिकवताना. तारेवर शंका आली तर हाताची मागची बाजू लावायची, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. तळवा लावला की मूठ मिटते, आणि करंटवर मिटलेली मूठ आपल्या हाताने उघडत नाही.

आता माझी मासोळी. दिग्रसहून सासरी येताना मी एक नारंगी मासोळी आणली होती, एसटीत मांडीवर डबा धरून. या घरात भांडी त्यांची, पलंग त्यांचा, नवरासुद्धा आधी त्यांचाच. माझं असं ती एकटीच होती. लोणच्याच्या मोठ्या बरणीत ती फिरायची आणि मी तिच्याशी बोलायचे. हिला काही झालं तर मी सरळ माहेरची बस धरणार, हे मी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, आणि ते मी चेष्टेने म्हटलं नव्हतं.

एका दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालून मी खाली आले तर बरणी धुऊन मोरीपाशी पालथी घातलेली. सासूबाई समाधानाने पेटीकडे बघत होत्या.

"लाईन कुठं हाये आता?" त्या म्हणाल्या. "खेळू दे तिले मोकळ्या पाण्यात. लाईन यायच्या आत काढून घेऊ."

त्यांनी प्रेमानेच केलं होतं. बरणीत तिचा जीव गुदमरतो, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. मी पेटीशी धावले. मासोळी मजेत फिरत फिरत कवेलूच्या तोंडाशी गेली होती. आतून जाड ओठ बाहेर आले. काही झालेलं दिसलं नाही. पाणीसुद्धा हललं नाही. फक्त माझी मासोळी जागच्या जागी ताठ झाली, कुशीवर कलंडली आणि तळाला गेली. तो मासा सावकाश तिच्याकडे वळला. मी बांगड्या वर सरकवल्या आणि हात पुढे केला.

"सूनबाई, हात नको घालू."

मी जागीच उभी राहिले. करंटपेक्षा मोठा धक्का मला त्या आवाजाचा बसला. सासरे खाटेवरून उठून माझ्या शेजारी आले होते, ना खाकरले होते, ना कोणाकरवी सांगितलं होतं. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं आणि स्वतःचा उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. हाताची मागची बाजू नाही, तळवा. मासोळी उचलायची तर मूठ मिटायला लागणारच होती. ती त्यांनी मिटली आणि त्यांचं सगळं अंग एकदा, मग पुन्हा एकदा झटकलं गेलं. हात बाहेर आला तसे ते फरशीवर बसले.

सासूबाईंची नजर भिंतीवरच्या बटणाकडे होती. लाईन नव्हतीच.

सासऱ्यांचा हात मांडीवर पडलेला, मूठ घट्ट, आणि बोटांच्या फटीतून नारंगी शेपटी दिसत होती. ते मुठीकडे बघत होते, पण ती उघडत नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जित्ती हाये का पाह्य," ते म्हणाले.

डोक्यावर पदर नव्हता, तो घ्यायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले. ज्या माणसाच्या पुढ्यात मी कधी चहाचा कपही ठेवला नव्हता, त्याचा हात मी माझ्या हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून उघडली. करंगळी उघडली तेव्हा शेपटी हलली.

"आहे, बाबा," मी म्हटलं.