दहापैकी चार

डेल्विन कुठल्याही खोलीत शिरला की पावलं मोजायचा. आवाज यायचा नाही, फक्त ओठ हलायचे. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा थेट स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोला, शुभाला, म्हणाला, "दारापासून अकरा पावलं, काकू." काकू हा शब्द त्याने त्या दिवशीच, आमच्याकडे आलेल्या मराठी मुलांकडून उचलला होता. शुभा त्याच्या ताटात सहावी पोळी टाकत म्हणाली, "पावलं बरी मोजतोस, पोळ्या नाही मोजत!" तोंडातला घास सांभाळत तो म्हणाला, "ते काम तुमचं."

मोजणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा धसमुसळा खेळ. त्यात डेल्विन वाइड रिसीव्हर होता, म्हणजे पुढे पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा. बारा पावलं सरळ जायचं आणि एकदम आत वळायचं. तो वळण्याआधीच चेंडू हवेत सुटलेला असतो. एक पाऊल चुकलं तर चेंडू गवतावर. त्याच्याहून उंच आणि वेगवान खेळाडू पुष्कळ होते. हा नऊ हंगाम टिकला तो पाऊल न चुकल्यामुळे आणि मैदानाच्या मधोमध, जिथे चारी बाजूंनी माणसं अंगावर येतात, तिथे न बिचकता गेल्यामुळे. "मागून येणाऱ्याची पावलं ऐकायची नाहीत, डॉक," तो मला सांगायचा. "ऐकली की चेंडू सुटलाच."

मी मेंदूविकारांचा डॉक्टर. नागपूरहून इथे आलो त्याला आता अर्धशतक होत आलं. त्याच्या संघाचा मी अर्धवेळ सल्लागार होतो. डेल्विनवर वर्तमानपत्रांत बरंच छापून आलं आहे. त्याचे झेल, नंतरचा त्याचा संताप, पोलिसांत गेलेली तक्रार. त्यातलं काही खोटं नाही. पण त्यात मी कुठेच नाही, आणि असायला हवा होतो.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्तीची चाचणी व्हायची. पुढे डोक्याला मार बसला तर तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि दोन्ही निकाल ताडून पाहायचे. फरक दिसला तर खेळाडू बाहेर. डेल्विनला मी दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने विचारले. त्याला चार आठवले. शेकडो चालींची जाडजूड वही ज्याला तोंडपाठ होती, त्याला दहापैकी चार! मी मान वर करून पाहिलं. तो म्हणाला, "झोप नीट झाली नाही, डॉक." मी चार लिहिले. दारापर्यंत गेल्यावर तो वळला आणि दहाच्या दहा शब्द त्याने क्रमाने म्हणून दाखवले. मग उलटे. आणि हसला.

मीही हसलो.

बरेच खेळाडू असंच करायचे. आधीचा निकालच वाईट लावून ठेवला की मार बसल्यावर फरक दिसत नाही, बाकावर बसावं लागत नाही आणि आपली जागा दुसऱ्याला जात नाही. आम्हा डॉक्टरांना हे ठाऊक होतं. मी चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती. घेतली नाही, कारण प्रशिक्षकांना असा कटकट्या डॉक्टर नको असतो आणि मला संघाचं जॅकेट सोडवत नव्हतं. गणेशोत्सवालाही मी ते घालून जायचो. यात फसवणारा एकटा डेल्विन नव्हता, हे आज लिहून ठेवतो.

त्याच्या तिसऱ्या हंगामात, एका रविवारी, मधोमध झेल घेताना त्याला दोघांनी दोन बाजूंनी धडक दिली. तो पाठीवर पडला. दोन्ही हात कोपरात वाकून हवेत ताठ उभे राहिले. मेंदूला मार बसल्याची ही खूण वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही कळते. कडेच्या बाकावर मी त्याला तपासत होतो तेव्हा त्याने विचारलं, "आई आली आहे का?" मी म्हटलं, "आली आहे, वर बसली आहे." मिनिटभराने पुन्हा तेच, "आई आली आहे का?" मी दहा शब्द वाचले. त्याला चार आठवले. या वेळी तो खरोखरच चारांवर अडखळला होता. उरलेले शोधताना त्याचे डोळे मी पाहिले. तेवढ्यात सहायक प्रशिक्षक वाकून म्हणाला, "डॉक, हो की नाही?"

"फरक नाही," मी म्हणालो. तेच कागदावर लिहिलं.

तो परत मैदानात गेला. शेवटच्या काही मिनिटांत त्याने एक झेल घेतला, पुन्हा धडक खाल्ली, आणि सामना आम्ही जिंकलो. माझा फोन मराठी मंडळातल्या पोरांच्या निरोपांनी भरून गेला होता. "काका, टीव्हीवर दिसलात यार!" "लास्ट कॅच काय घेतलाय त्याने!" त्या रविवारनंतरही डेल्विन सहा हंगाम खेळला.

खेळ सुटल्यावर तीन-चार वर्षांत तो बदलला. उजेड सहन होईना. घरी जायचा रस्ता चुकू लागला. कधी कुणाला मोठ्याने न बोललेला हा माणूस बायकोच्या अंगावर धावून गेला. ती मुलीला, नीयाला, घेऊन निघून गेली. तोवर मी निवृत्त झालो होतो. एका दुपारी तो आमच्याकडे आला, दारातच उभा राहिला. शुभा म्हणाली, "अरे, आत तर ये, गरम पोळी आहे." तो म्हणाला, "आज नको, काकू. डॉककडे काम आहे."

खेळाडूंच्या आजारांचा निर्णय करणाऱ्या समितीने त्याचा भरपाईचा अर्ज फेटाळला होता. कारण एकच. डोक्याला मार बसण्याआधीचे आणि नंतरचे आकडे सारखेच होते. तेव्हा हा बिघाड खेळातला नव्हे, माणसातलाच.

"मला त्यांच्याकडून काही नको," तो म्हणाला. "नीयाला वाटतं तिचा बाप मुळातच असा आहे. तुम्हाला माहीत होतं, एवढं एका कागदावर लिहा. मी तिला दाखवीन."

मी म्हटलं, "वकिलाला विचारून सांगतो." वकील म्हणाला, एक अक्षर लिहू नका. मी डेल्विनला दोन ओळी पाठवल्या: नोंदींत आहे त्यापलीकडे मला सांगण्यासारखं काही नाही. शुभाने त्या वाचल्या आणि म्हणाली, "अहो, हे तुम्ही लिहिलंत?" त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

दहा महिन्यांनी, भर दुपारी, कोरड्या सरळ रस्त्यावर डेल्विनची गाडी पुलाच्या खांबावर गेली. ब्रेक लावल्याच्या खुणा नव्हत्या. तो अडतीस वर्षांचा होता.

त्यानंतर मी वकिलाला विचारलं नाही. चाचणी, दारातले दहा शब्द, बाक, माझं उत्तर आणि त्या दोन ओळी, सगळं दोन पानांत लिहिलं, सही केली. एक प्रत समितीला पाठवली आणि दुसरी न्यायला नीयाला बोलावलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे. मागच्या शनिवारी आली. कोट न काढताच आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि पहिलं पान वाचलं. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिने पान खाली ठेवलं आणि म्हणाली, "आजीलाही हे ऐकायचं आहे. तुम्ही इथेच बसा."

आजी म्हणजे डेल्विनची आई, मिस लोरेन; त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना आदराने 'मिस' म्हणतात. अलाबामात राहतात, डोळ्यांनी आता फार दिसत नाही. नीयाने फोन टेबलावर ठेवला आणि माझं लिखाण पहिल्यापासून मोठ्याने वाचू लागली. ती "फरक नाही"पाशी आली तेव्हा पलीकडून मिस लोरेन म्हणाल्या, "थांब, बाळा. डॉक्टर आहेत का तिथे?"

"आहे," मी म्हणालो.

"त्या दिवशी माझ्या मुलाला परत खेळायला जायचंच होतं. हो ना?"

"हो."

"तो हट्टीच होता. लहानपणापासून. आणि डॉक्टर तुम्ही होतात."

"हो," मी म्हणालो.

फोन चालूच होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. नीयाने पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.