रेखाच्या विहिरीचं पाणी

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर इथले निम्मे अनुभव वाचून मला हसू यायचं... पांढरी साडी, उलटे पाय, घाटात बंद पडलेली गाडी. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि भुताखेतांना मी आजही मानत नाही. मला भूत दिसलेलंच नाही. मी फक्त एक घोट पाणी प्यायले — भर दिवसा, वीस-बावीस माणसांत बसून.

यात माझ्या दोन मैत्रिणी येतात. सुषमाचं नाव बदललेलं आहे. रेखाचं मुद्दाम तसंच ठेवलंय, का ते शेवटी सांगते.

मी मूळची रत्नागिरीची. बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य. आई बाजारात मासळी विकायची. आमच्या घरात बारावी झालेली मी पहिली. नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं होतं, आणि माझ्या लगेच खाली, वेटिंगवर रेखा होती. सुषमा त्या वर्षी नापास झाली होती. निकालानंतर आम्ही तिघी भगवती किल्ल्यावर गेलो, लाइटहाऊसपाशी बसून चणे खाल्ले, संध्याकाळच्या आत घरी आलो. एवढंच. आठ दिवसांनी बाबा बंदरावरून आले ते लाल डोळ्यांनी. "किल्ल्यावर कोणाबरोबर होतीस?" मी शपथा घेतल्या, रडले. उपयोग शून्य. दोन महिन्यांत माझं लग्न लावून मला चिंचवडला पाठवलं. त्यानंतर बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सणाला आले तरी "तिला सांग" म्हणून आईकडे निरोप. अशी पंधरा वर्षं, मरेपर्यंत.

आम्ही किल्ल्यावर गेलो होतो हे फक्त तिघींना माहीत होतं. माझी सीट कोणाला मिळाली? रेखाला. झालं, माझा हिशेब तिथेच मिटला. तेव्हापासून मी त्या बाईचा इतका द्वेष केला की तिचं नाव नुसतं ऐकलं तरी माझं डोकं उठायचं.

आणि नुसता द्वेष करून मी थांबले नाही. रेखाला रत्नागिरीजवळच्या पालीचं एक स्थळ आलं होतं. मुलाची मावशी चिंचवडला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. ती सहज चौकशीला आली, "तुमच्या गावची ना मुलगी?" मी चहा ठेवला आणि तिला सांगितलं, हॉस्पिटलमधल्या एका लग्न झालेल्या डॉक्टरबरोबर तिचं काहीतरी आहे म्हणे... त्या "म्हणे"वर मी चांगला जोर दिला. धडधडीत खोटं. स्थळ मोडलं. त्या दिवशी मी घरात शिरा केला होता. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल.

बाबा गेले तेव्हा मी बारा दिवस रत्नागिरीत होते. ती माझी शेवटची फेरी. नंतर आईने बाबांची पत्र्याची पेटी उघडली तर तळाशी एक चिठ्ठी निघाली. मुद्दाम वाकड्या अक्षरात — तुमची मुलगी किल्ल्यावर एका पोराबरोबर होती. खाली सही नाही. पंधरा वर्षं त्या माणसाने ती जपून ठेवली होती. ती वाचल्यावर आई तडक आमच्या देवळात गेली आणि गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला. मग माझ्याकडे राहायला आली, तेव्हा ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवून मला सगळं सांगितलं.

"काय मागितलंस?" मी चेष्टेनेच विचारलं.

"मागितलं, देवा महाराजा, जिने कुणा पोरीच्या नावावर खोटा आळ घातलान असंल, तिला ह्या गावचं पाणी गोड लागू नको दे."

"माझं नाव नाही घेतलंस?"

"नाय गो. चारचौघांत देवळात तुझं नाव कशाला? आधी काय कमी निघालं?"

मी हसले होते. म्हटलं, आई, शिक्षा तरी जरा दणदणीत मागायचीस. गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर नारळ उतरवावा लागतो, आणि तो ज्याने ठेवला त्याने, किंवा त्याच्या पोटच्या पोराने, असं तिने बजावलं. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडेच वारली. नारळ तसाच राहिला.

या फेब्रुवारीत आमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलं. ग्रुपवर मेसेज आला — जेवण रेखाच्या घरी, मिरजोळ्याला. मी सगळ्यांच्या आधी "येणार" टाकलं. पर्समध्ये ती चिठ्ठी. ठरवलं होतं, जेवणं झाली की सगळ्यांसमोर वाचायची आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. बाबा तर आता ऐकायला नव्हते, निदान वर्गातली चार माणसं तरी ऐकतील.

सकाळी बसमधून उतरून थेट रिक्षाने मिरजोळे, गावाच्या वेशीतच. जांभ्या दगडाचं छोटं घर, मागे चार कलमं मोहोरलेली, बाजूला विहीर. रेखा दारातच उभी होती. केस पांढरे, चष्मा, सरकारी दवाखान्यात आता मोठी सिस्टर. लग्न केलंच नाही तिने.

"आलीस गो? किती वर्षांनी! वाळलीस किती..." तिने मला मिठीच मारली. मी लाकडासारखी उभी.

चहा आला. मला जरा खारवट लागला. म्हटलं दूध बिघडलं असेल. मग तिने स्वतः तांब्या-भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं. "घे, आमच्या विहिरीचं. गाळायला पण लागत नाय."

एक घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. समुद्राचं पाणी! मांडवीला लहानपणी लाटेत पडल्यावर नाकातोंडात जायचं ना, अगदी तसं. कसाबसा गिळला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हिने मुद्दाम मीठ घातलं. म्हणजे हिला सगळं कळलंय आणि ही सूड घेतेय. मला जवळजवळ आनंदच झाला.

तेवढ्यात शेजारचा वर्गमित्र त्याच तांब्यातून भांडं भरून गटागट प्यायला. "वा! हे पाणी पिऊन भूक लागते बघ." त्याच्यामागून आणखी दोघी प्यायल्या. आणि मग रेखा स्वयंपाकघरातून घामाघूम होऊन आली, तिने तोच तांब्या उचलला, उरलेलं पाणी वरूनच घशात ओतलं आणि तोंड पुसलं. "हुश्श."

आईचं गाऱ्हाणं मला तेव्हा आठवलं. रेखाला पाणी गोड लागत होतं.

मग मी खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांच्या हातात रेखाच्या घरची भांडी. फक्त सुषमाच्या मांडीवर तिची स्वतःची मोठी बाटली. सुषमा — आता समुद्रकिनारी होमस्टे चालवते, अंगावर सोनं, हे गेट-टुगेदर ठरवणारीही तीच. चहासुद्धा तिने "डाएट" म्हणून नाकारला होता.

जेवणानंतर तिला विहिरीकडे घेऊन गेले. आडवळणं घेतली नाहीत. "सुषमा, तू गावचं पाणी का पीत नाहीस?"

ती दचकली. मग हळू आवाजात म्हणाली, "कोणाला सांगू नको हां. अकरा वर्षं झाली. इथलं पाणी तोंडात घेतलं की मीठ. डॉक्टर झाले, टेस्ट झाल्या. पालीहून कॅन आणते. पालीचं गोड लागतं... तुला कोणी सांगितलं?"

मी पर्समधून चिठ्ठी काढून तिच्यासमोर धरली. तिने ती हातातसुद्धा घेतली नाही. कठड्यावर बसली.

"तुम्ही दोघी जाणार होतात," ती म्हणाली. "मी इथं बांगडे सुकवत बसणार होते. मला वाटलं, बाबा दोन दिवस ओरडतील, तुझं जाणं राहील. लग्नच लावतील असं नव्हतं गो वाटलं."

मी तिला गाऱ्हाण्याचं सगळं सांगितलं, एकेक शब्द, चवीने. तिने माझे हात धरले. "उतरव ना तो नारळ. तूच उतरवू शकतेस. पाया पडते तुझ्या."

काय सांगू तुम्हाला, सव्वीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच. मी हात सोडवले. "नाही उतरवणार. पंधरा वर्षं माझा बाप माझ्याशी बोलला नाही. तू मरेपर्यंत पालीचं पाणी पी."

ती रडत होती. रडता रडता एकदम थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू पण नाय प्यायलीस," ती म्हणाली. "मगाशी. एक घोट घेतलास नि तोंड वाकडं केलंस. ते तोंड मी ओळखते. रोज आरशात बघते." आणि मग, अगदी सावकाश, "तू कोणावर आळ घातलास गो?"

उत्तर आत भांडी घासत बसलं होतं. चिठ्ठी मी परत पर्समध्ये टाकली. निघताना रेखाने हौसेने दोन बाटल्या विहिरीचं पाणी भरून दिलं. "तुमच्या नळाला ही चव नाय."

घरी आल्यावर ते पाणी नवऱ्याला दिलं. "गोड आहे की!" मुलीने तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तपासलं, पाणी उत्तम. मी डॉक्टरांना जीभ दाखवली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. चिंचवडचं पाणी मला व्यवस्थित लागतं. रेखाच्या बाटलीतलं मात्र खारट. मनाचे खेळ म्हणाल, तर सुषमाला त्या गाऱ्हाण्याची काहीच कल्पना नव्हती, तिचं काय? आईने माझं नाव झाकायला म्हणून "कुणा पोरीच्या" असं मोघम म्हटलं, त्यात मीही सापडले, एवढंच मला कळतं.

आता रेखाचं नाव का बदललं नाही ते. पालीच्या त्या मंडळींपैकी कोणी वाचत असेल तर ऐका — तिचं कोणत्याही डॉक्टरबरोबर काहीही नव्हतं. ते मी रचलं होतं.

एवढं लिहून मघाशी उठले आणि त्या बाटलीतला घोट घेतला. खारटच. परत येऊन सगळं वाचून पाहिलं. सगळ्यांचं सगळं लिहिलंय, फक्त माझं नाव कुठे नाही. तर माझं नाव शैला. तांडेलाची शैला म्हटलं की रेखाला कळेल. शनिवारच्या बसने मी मिरजोळ्याला जाते आहे, हे तिच्या तोंडावर सांगायला.

ती मला माफ करेल का, माहीत नाही. तिच्या जागी मी असते तर केलं नसतं. सुषमा उतरव म्हणाली तो नारळ अजून देवळातच आहे.